नऊ इंची मामा आणि धरणाचं दार

गोंदिया आमच्यापासून वेगळा झाला तेव्हा मी पाळण्यात होते. त्यानंतर भंडारा जिल्हा लहानसा उरला, असं मोठी माणसं म्हणतात. मलाही ते खरं वाटायचं, कारण मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. आमचं गाव लाखांदूरजवळ, जिल्ह्याच्या अगदी खालच्या टोकाला. तिथून मी शिकायला निघाले ती थेट नागपूरला. वरच्या टोकाला आंबागड, माझ्या आईचं माहेर. आजी-आजोबा गेल्यावर तिकडचं जाणं सुटलं होतं. या जानेवारीत मी पहिल्यांदा एकटीने एसटी बदलत बदलत खालून वरपर्यंत गेले, आणि जिल्हा मला लहान वाटला नाही.

लोक प्रवासाला जातात ते देऊळ, किल्ला नाहीतर जंगल पाहायला. मी ग्राइंडर पाहायला गेले होते. हे ऐकून वर्गातल्या मैत्रिणी हसल्या, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझा मामा, सुखदेव, तुमसरच्या पुढे एका मोठ्या शेडमध्ये काम करतो. तिथे धरणांचे लोखंडी दरवाजे बनतात. शेडमध्ये घासाईच्या नव्या मशिनी घ्यायच्या होत्या, आणि दुकानदाराने तीन मशिनी दोन दिवस वापरून पाहायला दिल्या होत्या. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. मामाने फोन केला आणि म्हणाला, ये, मशीन तू पसंत कर. मी म्हटलं, मामा, मी अजून शिकते आहे. तो म्हणाला, मग शिकायला ये. नंतर कळलं की तोपर्यंत त्याने सगळ्या शेडला सांगून टाकलं होतं, माझी भाची इंजिनिअर आहे आणि ती येणार आहे.

लाखांदूर ते तुमसर

बाबा स्टँडवर सोडायला आले होते. मामासाठी नव्या तांदळाची पिशवी त्यांनी माझ्या पायाजवळ ठेवली आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. धान निघून गेलेल्या बांध्यांत लाखोळी फुलली होती, निळी-जांभळी, जमिनीला चिकटून. वाटेत तलाव लागत होते. आमच्याकडे तलाव लागला की बाबा आधी त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, पाहतात, मग पाणी. मलाही तीच सवय आहे.

साकोलीला गाडी बदलली. तिथे आलूबोंड्यावर लाल तर्री ओतून देतात. आमच्या लाखांदूरला तो कोरडा मिळतो, तळलेल्या मिरचीसोबत. मी तर्री नको म्हणेपर्यंत ती ओतून झाली होती, आणि खाल्ल्यावर वाटलं की बरं झालं. पुढे कारध्याच्या पुलावरून वैनगंगा दिसली. माझ्या बाजूची खिडकी अडकलेली होती. शेजारच्या बाईने आपल्या नातवाला मांडीवर घेऊन मला सरकायला जागा दिली. एवढं पाणी, आणि ते कुठल्याही पाळीशिवाय आपल्या वाटेने चाललेलं. आपण जे दार पाहायला चाललो आहोत ते अशाच पाण्यासमोर उभं राहणार, हे तेव्हा प्रथम मनात आलं.

तुमसरला राईस मिलच्या तुसाचा वास आणि निम्मी हिंदी. भाजीवाली मराठीत भाव सांगत होती आणि हिंदीत भांडत होती. मामा मोटारसायकल घेऊन उभा होता. म्हणाला, "जय भीम, इंजिनिअर मॅडम." मी लाजले. त्याने तांदळाची पिशवी उचलली ती हाताच्या मुठीत नाही, कोपरात अडकवून. मला ते जरासं वेगळं वाटलं, पण लगेच विसरले.

आंबागड

मामाचं घर किल्ल्याच्या डोंगराखाली आहे. संध्याकाळी त्या दगडी भिंतीवर ऊन चढत चढत वर गेलं आणि शेवटी फक्त बुरुजावर उरलं. शकुनमामीने लाखोळीच्या डाळीचे वडे केले होते. आम्ही घरी त्यात लसूण भरपूर घालतो. मामी सांबार, म्हणजे कोथिंबीर, मूठ मूठ घालते. जेवताना मामाने मला सगळं काम समजावून सांगितलं, आणि मला जे कळलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

जाड लोखंडाच्या दोन प्लेटा जोडताना आधी एका बाजूने वेल्डिंग करतात. वरून ते कितीही सुंदर दिसलं, तरी अगदी तळाशी, जिथे पहिला थर पडतो, तिथे एखादी न जुळलेली रेघ राहून जाते. केसासारखी. मग ती अवजड प्लेट पालटायची, आणि पाठीमागून खाच खणत तिथपर्यंत जायचं. रेघ संपून निव्वळ सलग लोखंड लागलं की थांबायचं, आणि ती खाच नव्याने भरून काढायची. या खणण्याला बॅक गाउजिंग म्हणतात. शेडमध्ये नुसतं गाउजिंग. कमी खणलं तर रेघ आत राहते आणि वर्षानुवर्षं पाण्याच्या दाबाखाली वाढते. जास्त खणलं तर चांगलं लोखंड वाया जातं आणि भरताना प्लेट वाकडी होते.

कुठे थांबायचं हे तपासायला लाल रंगाची एक परीक्षा आहे, ती पुढे येईल. पण त्या शेडमध्ये रंगाच्या आधी बोट फिरवायची पद्धत आहे. गाउजिंग करणारा हातमोजा काढून खाचेच्या तळावरून उघडं बोट फिरवतो आणि सांगतो, आहे किंवा नाही. सगळ्यांत खात्रीचं बोट माझ्या मामाचं. आणि तिथे माणसाला त्याच्या मशीनच्या चाकावरून ओळखतात. नवा आला की चार इंची. हात बसला की सात इंची. मामा नऊ इंची. तुमसरच्या बाजारातसुद्धा कोणी त्याला त्या नावाने हाक मारली की तो वळतो.

सकाळी मी चुलीजवळ शेकत बसले होते. मामा आंघोळीला गेला होता. मामीने चहा गाळता गाळता खालच्या आवाजात सांगितलं की दोन हिवाळे झाले, सकाळी त्याची बोटं पांढरी पडतात, खडूसारखी. गरम कप धरला तरी त्याला समजत नाही. एकदा बोट भाजलं ते तिलाच आधी दिसलं. शर्टाच्या गुंड्या ती लावून देते. भंडाऱ्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं की हे मशीनच्या हादऱ्याने होतं, ही मशीन सोडा. मामाने ते शेडमध्ये कोणाला सांगितलं नव्हतं.

"तू पाहून घेशील तर असं काही सांग, का ती मोठी मशीन सुटली पाहिजे," मामी म्हणाली. "पण हाताची गोष्ट काढू नको. तेवढं एक नाव आहे त्यांचं."

मी हो म्हटलं. मग लगेच भीती वाटली. मोठी मशीनच खरोखर चांगली निघाली तर? माझ्याकडे एक तक्ता होता. चाकाचा व्यास, मिनिटाचे फेरे, ताकद, वजन. वसतिगृहात बसून केलेला. त्या तक्त्याप्रमाणे नऊ इंचीच पहिली येत होती, कारण ती सगळ्यांत जास्त लोखंड काढते. धरणाच्या दाराबद्दल मी मामीसाठी खोटं बोलू शकत नव्हते. आणि खरं बोलून मामाची बोटं घालवायचीही नव्हती.

मामा बाहेर आला. मामी उठली आणि त्याच्या समोर उभी राहून वरपासून खालपर्यंत गुंड्या लावत गेली. तो माझ्याशी बोलत राहिला, जणू हे रोजच्यासारखं काहीच नाही. आणि ते रोजचंच होतं.

शेड

फाटकावरच्या माणसाने माझ्या चपला पाहून मान हलवली. आत यायचं तर बूट पाहिजेत. माझ्या मापाचे नव्हते. मोठ्यांतला लहान जोड काढून त्यांनी त्यात चिंध्या कोंबून दिल्या. ओढणी काढून ठेवायला लावली, अंगावर जाड ॲप्रन, डोक्यावर टोप, कानांवर आवाज अडवणारे पट्टे. मी दोन दिवस त्या बुटांत बदकासारखी चालले.

आत गेल्यावर मी थांबले. मला सांगता येईल की नाही माहीत नाही. ते दार लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, पाठ वर करून पडलं होतं. दाराचा एकच तुकडा, असे आणखी तुकडे जोडून पूर्ण दार होणार होतं. बाहेरच्या बाजूने वळलेलं, आतून फासळ्या. आमच्या गावची शाळा, दोन्ही खोल्या आणि व्हरांडा, त्यावर ठेवली असती तरी कडेने चालायला जागा उरली असती. आमच्या तलावाचं पाणी ज्यातून सोडतात ते तुडूम मला आठवलं. दगडाचं, आत एक लाकडी दट्ट्या, बाबा छातीएवढ्या पाण्यात उतरून तो ओढतात. काम तेच. पाणी अडव, पाणी सोड. मी टोपाखाली एकटीच हसले असेन, कारण मामाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तुडूम.

तो म्हणाला, "हो ना. तुडूमच आहे."

फोरमन पटले साहेब तिथल्याच भागातले, कमी बोलणारे. त्यांनी मला ताई म्हटलं आणि खुर्ची दिली. खुर्चीवर मी बसले नाही. दुसरे कारागीर होते गिऱ्हेपुंजे. ते कधीच गप्प नसतात. तीन मशिनी टेबलावर मांडलेल्या पाहून ते म्हणाले, पाहुणी आली म्हणजे आता पोरी दाखवायचा कार्यक्रम सुरू. मग नऊ इंचीकडे वळून विचारलं, "काय व, नाव काय तुझं? स्वयंपाक येते का?" सगळे हसले, मामा सगळ्यांत जास्त.

पहिलीच गोष्ट मी पाहिली ती पालटणं. परीक्षेसाठी तीन सारख्या प्लेटा एका बाजूने वेल्ड करून ठेवल्या होत्या. त्या क्रेनने उचलून पालटायच्या होत्या. शिट्टी झाली आणि शेडमधल्या सगळ्या मशिनी बंद झाल्या. प्लेट हवेत असेपर्यंत तिथे कोणी बोलत नाही, म्हणजे क्रेनवाल्याला खालच्या माणसाची हाक ऐकू यावी. पण त्यातून त्यांनी एक खेळ काढला आहे. प्लेट टेकल्यावर जो पहिला बोलेल त्याने सगळ्यांना चहा द्यायचा. म्हणून टेकल्यावरही सगळे ओठ मिटून एकमेकांकडे पाहतात. त्या सकाळी तिन्ही वेळा गिऱ्हेपुंजेच बोलले.

मी विचारलं की हे खणायला विजेच्या ठिणगीने लोखंड वितळवून वाऱ्याने उडवायची पद्धत पुस्तकात आहे, ती का नाही. पटले साहेबांनी सांगितलं की तीही वापरतात, पण धूर फार, आणि मागे जळकी काळी साल राहते, ती शेवटी घासावीच लागते. शिवाय फासळ्यांच्या कोपऱ्यात ती ठिणगीची कांडी नीट फिरत नाही. शेवटचं काम घासाईचंच.

मग परीक्षा सुरू झाली. मामाने नऊ इंची उचलली. मी त्याला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. ठिणग्यांचा एक लांब पिसारा मागे सुटला, आणि तो माणूस त्याच्या पुढे असा वाकला की मशीन आणि तो एकच वाटले. लोखंड, जे मला दगडापेक्षा कठीण वाटत होतं, त्याच्यासमोर ओल्या मातीसारखं मागे सरत होतं. मी तोंड उघडं ठेवून पाहत होते, हे मला तोंडात धूळ गेल्यावर कळलं. थोड्याच वेळात खाच तयार झाली, लांब, चकाकणारी. मामाने मोजा काढला, बोट फिरवलं आणि म्हणाला, "साफ."

पटले साहेबांनी खाचेत लाल रंग फवारला. रंगाला आत झिरपायला थोडा वेळ द्यायचा. मग तो पूर्ण पुसून काढायचा आणि वरून पांढरी पूड फवारायची. कुठे रेघ उरली असेल, तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो. आमच्याकडे पाळ कुठे गळते ते शोधायला बाबा पाण्यावर कोंडा टाकतात. कोंडा जिथे ओढला जातो तिथे भोक. मी ते आठवत पाहत होते, आणि पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली. बोटभर लांब.

गिऱ्हेपुंजेसुद्धा काही बोलले नाहीत. पटले साहेब वाकून म्हणाले की जड चाक दाबून धरलं की लोखंड तापून पसरतं आणि रेघेवर साय धरते, दुधावर धरते तशी. अर्धी झाकली जाते. अर्धी उघडी राहिली, ती ही. ते मशीनबद्दल बोलत होते. पण उघडी रेघ बोटाला लागायला हवी होती, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मामा आपला मोजा परत घालत होता, आणि तो काही केल्या बोटांत जात नव्हता.

नंतर गिऱ्हेपुंजेंनी सात इंची चालवली. हळू, पण मनासारखी वळणारी. मग वाऱ्यावर चालणारी पाच इंची, जिच्यामागे कॉम्प्रेसरची नळी असते. चाक पातळ, वजन हलकं. जास्त दाबली तर ती चिडत नाही, नुसती थांबते. तिने काढलेला तळ गोल आणि मऊ होता, आणि पांढऱ्यावर काहीच आलं नाही. पण प्लेटेची जाडी उघडायला तिला फार वेळ लागला.

पटले साहेब म्हणाले, ताई, धरून पाहा. मी तिन्ही धरल्या. वाऱ्याची म्हणजे मुठीत भुंगा. नऊ इंची म्हणजे खडकाळ वाटेवरची बैलगाडी, आणि गाडीत आपण नाही, आपली हाडं. मी ती फार वेळ धरली नाही. तरी जेवायला बसलो तेव्हा माझा घास थरथरत होता. मामाने तो पाहिला आणि आपल्या डब्यात पाहू लागला.

जेवणानंतर मत विचारलं. सगळे गोल उभे होते. मी म्हटलं की माझा तक्ता अर्धवट आहे. मी सगळ्यांत जास्त लोखंड काढणारी मशीन शोधत होते, पण इथे कामं दोन आहेत, एक खाच उघडायचं आणि एक तळ गाठायचं. उघडायला सात इंची पुरते, आणि ती फासळ्यांमध्ये शिरते, नऊ इंची शिरत नाही. तळ गाठायला वाऱ्याची. तिला हवा खूप लागते, तेवढा कॉम्प्रेसर आहे का ते पाहावं लागेल. पटले साहेब म्हणाले, रंगकामाचा मोठा आहे, पुरेल. मग मी आणखी एक वाक्य बोलले, ते आधी ठरवलं नव्हतं. "आणि माझ्या तक्त्यात हाताचा रकाना नव्हता. तो पाहिजे. चालवणाऱ्या कोणाच्याही."

खरं बोलूनही मामीचं काम झालं, असं मला एक क्षण वाटलं. पण मामा म्हणाला, वाऱ्याची गिऱ्हेपुंजेला द्या, मी ती धरणार नाही. नऊ इंचीने उघडून देईन, कोपरे सोडून. पटले साहेब म्हणाले, उद्या दाराची प्लेट पालटू, तेव्हा पाहू.

परत जाताना मी मामाच्या मागे बसले होते. हाताची गोष्ट काढायची नाही असं मी मामीला कबूल केलेलं. आंबागडच्या तलावापाशी त्याने गाडी थांबवली, कारण समोरून गुरं येत होती. मी माझा हात त्याच्या पुढे धरला आणि म्हटलं, मामा, बघ, अजून थरथरतो आहे.

त्याने हात पाहिला. गुरं जाईपर्यंत पाहिला.

"तुझा आज थांबून जाईल," तो म्हणाला.

दार पालटलं तो दिवस

दुसऱ्या दिवशी थंडी जास्त होती. गुंड्या लावताना मामीने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांच्या चिंध्या नीट करत बसले. बूट मी घरीच घेऊन आले होते.

शेडमध्ये सगळे आधीच भिंतीला टेकून उभे होते. आज लहान प्लेट नव्हती, दाराचा तुकडा होता. शिट्टी झाली. मशिनी थांबल्या, आणि इतका वेळ ज्या आवाजाची मला सवय झाली होती तो गेल्यावर पत्र्यावरचं कबुतर ऐकू आलं. साखळ्या ताठ झाल्या. दार घोड्यांपासून वीतभर सुटलं, मग माणसाएवढं, मग ते उभं राहू लागलं. मी मागे सरले नाही, पण आतून सरले. उभं राहिल्यावर त्याने शेडचा सगळा उजेड अडवला. त्याच्यापलीकडची माणसं नाहीशी झाली. एका न दिसणाऱ्या रेघेसाठी एवढं सगळं उचलून पालटतात माणसं, रोज. मला रडू आलं असतं, पण डोळ्यांवर शेडने दिलेला जाड चष्मा होता आणि तो पुसता आला नसता. मग दार हळूहळू दुसऱ्या कुशीवर झुकलं, आडवं झालं, आणि घोड्यांवर टेकलं. त्या टेकण्याचा आवाज पायांतून आला.

कोणी बोललं नाही. सगळ्यांचे डोळे गिऱ्हेपुंजेंवर. ते गाल फुगवून उभे होते.

"साहेब," मामा म्हणाला. "माह्या बोटाले आता काही समजत नाही. दोन हिवाळे झाले."

पटले साहेबांनी मान वळवली. कबुतर पुन्हा घुमलं. मामाने दोन्ही हात पुढे केले होते, मोजे न घातलेले. बोटांची टोकं पांढरी होती, आणि त्या थंडीत ती सगळ्यांना दिसली. मला वाटलं आता कोणीतरी काहीतरी वाईट बोलेल, किंवा चांगलं बोलेल, आणि दोन्ही मला नको होतं.

गिऱ्हेपुंजे म्हणाले, "चहा सुखदेवकडून."

आधी एक जण हसला, मग सगळे. मामासुद्धा. पटले साहेब हसले नाहीत. ते जवळ आले आणि म्हणाले, "म्हणूनच तर लाल रंग आहे गा, सुखदेवभाऊ. बोटावर धरण नाही ठेवलं आपण." मग जरा थांबून म्हणाले की काल रेघ दिसली तेव्हाच त्यांना शंका आली होती, आणि या आठवड्यात भंडाऱ्याला दवाखान्यात जाऊन यायचं, शेडची गाडी जाईल. नऊ इंची आजपासून गाउजिंगला कोणीही वापरायची नाही.

मामा वाऱ्याच्या मशीनकडे गेला आणि तिला हातात तोलून पाहिलं. गिऱ्हेपुंजेंना राहवलं नाही. "काय गा, नऊचा पाच झाला का?"

"नऊ तू घे," मामा म्हणाला. "गाउजिंगबाहेरच्या कामाले. तुले हौस आहे ना. आणि बाजारात आता नऊ इंची म्हणून तुले हाका मारतील."

गिऱ्हेपुंजेंनी सात इंचीने खाच उघडली. मग मामा खाली बसला आणि वाऱ्याच्या मशीनने तळ घेऊ लागला. कालचा पिसारा नव्हता, बारीक ठिणग्यांची एक झुळूक होती. तो काल वाकत होता, आज बसला होता, आणि मधून मधून मशीन थांबवून दोन्ही हात काखेत धरून ऊब घेत होता. पटले साहेबांनीच तसं सांगितलं होतं. लपवून घ्यायची गरज नव्हती.

संपल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिलं. पद्धत आहे, रंगाच्या आधी बोट. गिऱ्हेपुंजे मोजा काढू लागले होते. मामाने त्यांना हाताने थांबवलं.

"भाचीबाई, तू ये."

मी गुडघ्यांवर बसले. माझे बूट मागे आपटले. खाच कोमट होती आणि इतकी गुळगुळीत, घासून उन्हात ठेवलेल्या पितळेच्या थाळीसारखी. मी बोट सरकवत गेले. काहीच नाही. काहीच नाही. मग बोटाखाली काहीतरी अडकलं, अगदी किंचित, भाताच्या घासात केस आला की जिभेला कळतं तेवढं. मी परत मागे गेले. पुन्हा तिथेच. सगळे पाहत होते आणि मला वाटलं की मी चुकत असेन.

"इथे," मी म्हटलं. "आहे, मामा. अजून आहे."

तो मशीन घेऊन तिथे पुन्हा उतरला. थांबला. मी पुन्हा बोट फिरवलं. नाही. दुसऱ्या बाजूने फिरवलं. नाही.

लाल रंग पडला. आम्ही थांबलो. पुसला, आणि पांढरी पूड बसली. दाराच्या वर आलेल्या बाजूवर ती लांब पांढरी पट्टी वाळत होती आणि आम्ही सगळे तिच्यावर वाकलो होतो. तांबड्याचा एक ठिपका आला नाही. पटले साहेबांनी कडेला खडूने खूण केली आणि वेल्डरला हाक मारली. एवढंच. पुढची खाच तयार होती.

चहा मामानेच पाजला. गिऱ्हेपुंजेंनी दोनदा घेतला.

परत

आंबागडहून निघताना मामा स्टँडपर्यंत आला. माझी पिशवी त्याने कोपरातच अडकवली होती. डॉक्टरने पुढे काय सांगितलं ते नंतर फोनवर कळलं. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, पण आता वाढू नये. मला अभ्यासात असं वाटायचं की योग्य मशीन निवडली की प्रश्न सुटतो. इथे प्रश्न थांबला, एवढंच. ते थांबणंही केवढं आहे हे मी त्या शेडमध्ये पाहिलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. दाराची लांबी, क्रेन, लाल रंग, पांढरी पूड. ते पाळीवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, म्हणजे कोंडाच टाकून राहिले ना ते. मी म्हटलं, हो, कोंडाच. त्यांना फार बरं वाटलं. दार बसेल तेव्हा पाहायला जाऊ, असं त्यांनी स्वतःहून म्हटलं. आजी-आजोबा गेल्यापासून त्यांनीही वैनगंगेचा पूल ओलांडलेला नाही.

परवा, भर एप्रिलमध्ये, मामीचा फोन आला. आधी तब्येत, मग परीक्षा, मग लाखोळीचा दाणा किती झाला हे सगळं विचारून झालं. मग म्हणाली की आज सकाळी तुझ्या मामांनी एक गुंडी आपल्या हाताने लावली. फार वेळ लागला. ती मुद्दाम पाठ करून चुलीकडे उभी राहिली होती.

उन्हाळा आहे, बोटं गरम असतात, त्यामुळेही असेल. मी तसं काही म्हटलं नाही. विचारलं, कोणती गुंडी, मामी?

"सगळ्यांत वरची," ती म्हणाली. "गळ्याजवळची. लावताना जी आपल्याला दिसत नाही ती."